हॉइटचा नसलेला कुत्रा

कडवं पहिलं

हॉइट लॉहॉर्नने आयुष्यात कधी कुत्रा पाळला नाही. स्पाइसर्स गॅपमध्ये ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती. एक स्वतः हॉइट, दुसरी त्याची घटस्फोट झालेली बायको विल्डा. गावातल्या उरलेल्या अकराशे लोकांना तो कुत्रा चांगला आठवत होता.

नाव सिनेटर. दिवसभर पडून राहायचा आणि कुणी खायला घातलं तर तेवढ्यापुरती शेपटी हलवायचा, म्हणून हे नाव. नाव विल्डाने ठेवलं. कुत्रा मात्र नव्हता.

झालं होतं ते एवढंच. १९७०च्या नोव्हेंबरात दोघांचं भांडण झालं. कशावरून, ते दोघंही विसरलेत. हॉइटने कपडे पिकअपमध्ये टाकले आणि तो ओहायोत डेटनला निघून गेला, तिथे त्याच्या मावसभावाने कारखान्यात जागा बघून ठेवली होती. त्या काळी केंटकीच्या डोंगरातला माणूस रागावला की डेटनला जायचा. नाही रागावला तरी जायचा. त्यांचं घर गावापासून चार मैल आत, खोऱ्याच्या पार टोकाला होतं, त्यामुळे तो गेला ते कुणी पाहिलं नाही, आणि काय मागे ठेवून गेला तेही नाही.

विल्डा पडवीत बसली, खाद्याच्या रिकाम्या पोत्याचा कागद फाडला आणि तिने गाणं लिहिलं. पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं ते असं:

जा म्हटलं तर गेलास, गाडी धुरळ्यात दिसेना,
सिनेटर खांबाला बांधलेला, त्याला काही उमजेना.
पाण्याचं भांडं कोरडं, ऊन पायरीशी आलं,
माझं राहू दे रे मेल्या, त्याचं काय चुकलं?

नॅशव्हिलला नेल्डा फे क्रम्प नावाच्या बाईने ते १९७१ साली रेकॉर्ड केलं. (इथे स्टील गिटार रडते. रडू द्या, तिला दुसरं काम नाही.) ‘त्याचं काय चुकलं’पाशी आली की नेल्डा फेचा आवाज बरोबर मधोमध चिरायचा, आणि ट्रक चालवणारे धिप्पाड बाप्ये रस्त्याच्या कडेला गाडी लावून नाक शिंकरायचे.

हॉइटने ते पहिल्यांदा ऐकलं डेटनमधल्या न्हाव्याकडे, तोंडभर साबण असताना.

“असल्या माणसाला गोळी घातली पाहिजे,” न्हावी म्हणाला.

वस्तरा हॉइटच्या गळ्यावर होता. हॉइट म्हणाला, “हो.”

ध्रुवपद

तीन वर्षांनी तो परत आला. गावात शेड टाकली, पाण्याचे पंप, गवत कापायची यंत्रं, जे बिघडेल ते दुरुस्त करायला लागला. सकाळी दहाला गार्नेट नेपियरच्या दुकानात जायचा. तिथे गुरांचं खाद्य मिळायचं आणि शेगडीभोवती चार खुर्च्या होत्या. त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनी गेल्या कित्येक वर्षांत खाद्य विकत घेतलं नव्हतं.

“हॉइट,” गार्नेट वर न बघता विचारायचा, “कुत्र्याला पाणी ठेवलंस का?”

“कुत्रा नव्हता.”

“बरं बाबा. आणि मी पोप आहे.”

हॉइट तिकडच्या रीतीप्रमाणे सोड्याच्या बाटलीत खारे दाणे ओतायचा, फेस खाली बसू द्यायचा आणि मग म्हणायचा, “माझ्याकडे कुत्रा असता तर मी तो बांधलाच नसता. तांबडा हाउंड घेतला असता, शिकारीचा, लांब कानांचा. गाडीत पुढच्या सीटवर बसवून डेटनला नेला असता.”

“मग नेलास का नाही?”

हॉइट दाणे चावायचा.

कडवं दुसरं

१९७९. बक टॉलिव्हर नावाच्या गायकाने गाणं घेतलं. बक पुरुष असल्यामुळे त्याने सगळं उलटं फिरवलं: बाई निघून जाते, बाई कुत्रा बांधते, पुरुष पायरीवर बसून रडतो. हॉइट आठ दिवस शीळ घालत हिंडला. नवव्या दिवशी गार्नेटच्या दुकानात सगळे त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

“लाज नाही वाटत?” गार्नेट म्हणाला. “बांधलास तू, आणि आता त्या बिचारीवर ढकलतोस?”

“मी कशाला ढकलू? मी त्या बकला ओळखतसुद्धा नाही.”

“पण तो तुला ओळखतो. अख्खा देश ओळखतो.”

१९८६. देवाची गाणी गाणाऱ्या चार भावांनी ते चर्चसाठी बसवलं. आता कुत्रा म्हणजे माणसाचा आत्मा झाला, खांब म्हणजे पाप, आणि धुरळ्यात नाहीसा होणारा तो सैतान. पाद्रीबाबांनी त्यावर सव्वा तास प्रवचन दिलं. हॉइट तिसऱ्या बाकावर बसला होता. पाद्रीबाबा त्याच्याकडे बोट दाखवत नव्हते. ते काम पहिल्या दोन बाकांनी मागे वळून केलं.

१९९८. कोल्ट ब्रॅनम. त्याची टोपी त्याच्या आधी स्टेजवर पोचायची. त्याला वाटलं, गाण्यात सगळं आहे, फक्त कुणी मरत नाही. त्याने शेवटी एक कडवं जोडलं. सिनेटर बर्फात वाट बघत बघत मरतो, पट्टी एका सुराने वर जाते, आणि चाळीस हजार माणसं लायटर पेटवून हात हलवतात. त्या आठवड्यात गार्नेटने पाण्याचं विचारलं नाही. फुलं कुठे पाठवायची ते विचारलं.

टेक्सासमधल्या एका शाळेतून तिसरीच्या वर्गाने हॉइटला बावीस पत्रं पाठवली. पाकिटावर फक्त ‘कुत्रा बांधणारा माणूस, स्पाइसर्स गॅप’ एवढं लिहिलेलं, आणि पोस्टाने ती अचूक पोचवली. एकवीस पत्रं त्याने शेगडीत घातली. बाविसाव्यात लिहिलं होतं, ‘माझा उंदीर पण मेला पण मी तिथे होते.’ ते पत्र त्याने खिळ्यांच्या खणात ठेवलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

२०१२. दाढ्या कोरलेल्या पाच पोरांनी त्याचं नाचायचं गाणं केलं. त्यात ओढा, बियर, अर्धी चड्डी घातलेली मुलगी, आणि सिनेटर पिकअपच्या मागच्या हौद्यात उभा राहून वारा खातोय. कुणी कुणाला सोडून जात नाही. हॉइटला आजवरचं हे सगळ्यात आवडलं. त्याने रेडिओ स्टेशनला फोन करून ते नऊ वेळा लावायला सांगितलं, दर वेळी आवाज बदलून, एकदा तर बाई होऊन. महिन्याभरात ते गाणं मेलं. दुसऱ्या कुणालाच आवडलं नव्हतं.

आणि गाव? दर रेकॉर्डिंगनंतर गावाची आठवण ताजी होत गेली. आधी कुणीतरी सिनेटरला भुंकताना ऐकलं होतं. मग कुणीतरी त्याला हाडं घातली होती. टपाल वाटणारा म्हातारा व्हर्जिल तर पँट वर करून चावल्याचा व्रण दाखवायचा. तो व्रण गवत कापायच्या यंत्राचा होता. ते यंत्र हॉइटनेच दुरुस्त करून दिलं होतं.

मधला तुकडा

(गाण्यात इथे चाल बदलते आणि गाणारा खरं बोलतो, किंवा तसा आव आणतो.)

हॉइट शहात्तरचा झाला त्या वसंतात नगराध्यक्ष रोंडा स्टॅम्पर त्याच्या शेडमध्ये आली. हातात केक होता. केक बघून हॉइट एक पाऊल मागे सरकला.

“मिस्टर हॉइट, मोठी बातमी आहे. ती गायिका टॅन्झी रो आपलं गाणं परत रेकॉर्ड करतेय. ती इथे येणार आहे, मेच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी. कोर्टाच्या आवारात गाणं लिहिणाऱ्यांची बैठक करतोय. मिस विल्डा गाण्यामागची गोष्ट सांगतील आणि गातील.”

“छान.”

“आणि सिनेटरचा पुतळा बसवतोय. त्यावरची चादर तुम्ही काढायची.”

“मी?”

“लोकांनी तुम्हाला माफ केलंय.”

“कशाबद्दल?”

रोंडाने त्याच्या हातावर हात ठेवला, जसा पेशंटच्या ठेवतात, आणि केक ठेवून गेली.

हॉइटने हत्यारांना धार लावायची विजेवरची सहाण बंद केली, हात पुसले आणि दोन गल्ल्या ओलांडून विल्डाच्या गावातल्या नव्या घरी गेला. विल्डा पडवीत घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिचा दुसरा नवरा वारून सहा वर्षं झाली होती. तो होता तोवर हॉइट फाटकापर्यंत यायचा, आता पायरीपर्यंत यायचा.

“विल्डा, मरायच्या आत माझी एक इच्छा आहे.”

“लवकर सांग मग.”

“शनिवारी माइकवर सांग की कुत्रा नव्हता.”

विल्डाने एक शेंग सोलली. “एवढंच?”

“पन्नास वर्षं मी ओरडून सांगतोय. माझ्या मयताला लोक फुलांऐवजी हाडूक घेऊन येतील. तू एकदा सांग. तुझं ऐकतील.”

“खांबाला काय बांधलेलं होतं ते आठवतं?”

आठवत होतं. कपडे धुवायचं मशीन होतं, जुनं, वर कपडे पिळायला रबरी रूळ असलेलं. खोऱ्यात सगळ्यांची मशीनं पडवीतच असायची. ते चालू झालं की थरथरायचं आणि थरथरत थरथरत चालायला लागायचं, म्हणून त्याला दोरखंडाने खांबाला बांधून ठेवायचे. नाहीतर मंगळवारची धुणी पायऱ्या उतरून परड्यात जायची.

“पहिल्या कागदावर मशीनच होतं,” विल्डा म्हणाली. “नॅशव्हिलचा तो रेकॉर्डवाला म्हणाला, बाई, वॉशिंग मशीनसाठी कोण रडतं? मी म्हटलं, मी रडले. तो म्हणाला, कुत्रा करा. मी तिथल्या तिथे कुत्रा केला. मला गाणं हवं होतं.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “आणि मी का रडले, ते सांग.”

हॉइटने आपल्या बुटांकडे पाहिलं.

“मोटर,” तो म्हणाला.

“मोटर. जाताना तू मशीनची मोटर काढून नेलीस. नोव्हेंबरात. मी सबंध हिवाळा ओढ्यावर बर्फ फोडून कपडे धुतले. बोटं इतकी फुटली की मार्चपर्यंत गिटारची तार दाबता आली नाही. लोक कुत्र्यासाठी रडतात, मला हसू येतं.” तिने शेंगांचं टोपलं खाली ठेवलं. “आहे कुठे ती?”

“सहाणेला लावलीय. शेडमध्ये.”

“चालते?”

“चालते.”

“चांगली होती,” विल्डा म्हणाली. मग तिने टोपलं परत मांडीवर घेतलं. “असं करू. मी सांगते कुत्रा नव्हता. पण आधी तू मोटरचं सांगायचं. माइकवर. आधी तू.”

घरी येताना हॉइटला पहिल्यांदाच नीट कळलं. जे केलं नाही त्याच्यासाठी तो पन्नास वर्षं शिव्या खात होता, आणि जे केलं ते कुणी विचारलंच नव्हतं. तो कुत्रा इतकी वर्षं त्या मोटरवर बसून होता, आणि खरं सांगायचं तर हॉइटची त्यात फारशी गैरसोय झाली नव्हती.

त्याने कागदावर तीन वाक्यं लिहिली. माझ्याकडे कुत्रा नव्हता. वॉशिंग मशीन होतं. त्याची मोटर मी नेली. चार दिवस त्याने सहाण चालू करून तिच्या घरघरीत ती म्हणून बघितली. तिसऱ्या वाक्यापाशी आला की दर वेळी तो काहीतरी घासायला घ्यायचा.

पट्टी वर

(शेवटच्या कडव्याआधी असं करतात. का, ते कुणी विचारत नाही.)

शनिवारी कोर्टाच्या हिरवळीवर गाव घडीच्या खुर्च्या घेऊन आलं. चर्चच्या बायकांनी घेवड्याची आमटी आणि मक्याचा पाव आणला होता. टॅन्झी रो लाल बूट घालून पहिल्या रांगेत बसली होती, वयाने अठ्ठावीस, आणि विल्डाकडे असं बघत होती की जणू विल्डा एखादी जुनी, मौल्यवान गिटार आहे. स्टेजवर चार स्टुलं गोल मांडली होती. तीन स्टुलांवर बाहेरगावचे गाणी लिहिणारे, चौथ्यावर विल्डा, मांडीवर गिटार घेऊन. बैठकीची रीत अशी की आधी गाण्यामागची गोष्ट सांगायची, मग गाणं म्हणायचं. विल्डाने हॉइटकडे बघून हनुवटी उडवली. आधी तू.

रोंडाने त्याला स्टेजच्या कडेला पुतळ्यापाशी नेलं आणि एका हातात माइक दिला. दुसऱ्या हातात कागद होता. चादर ओढायला हात उरला नाही, म्हणून त्याने कागद दातात धरला आणि चादर ओढली.

पुतळा सिमेंटचा होता. महामार्गावर बागेत मांडायची बदकं, टोपीवाले बुटके आणि पऱ्या विकणारा एक जण आहे, त्याच्याकडे तयार मिळाला होता. गळ्यात खरी साखळी, ती एका सिमेंटच्या खांबाला. एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर. अंगाला विटेचा रंग. आणि डोक्यावर दोन टोकदार, ताठ उभे कान, पोलिसांच्या कुत्र्याचे असतात तसे.

हॉइटने दातातला कागद काढला. पुतळ्याकडे पाहिलं. परत पाहिलं.

“हे कान चुकलेत,” तो म्हणाला.

माइक चालू होता. कर्ण्यातून ते वाक्य समोरच्या बँकेच्या भिंतीवर आपटून परत आलं.

“त्याचे कान असे उभे नव्हते. खाली लोंबायचे. इथपर्यंत,” आणि त्याने हात जबड्याखाली नेला. “पाणी प्यायला लागला की दोन्ही कान भांड्यात बुडायचे. मग डोकं हलवून सगळं अंगावर उडवायचा.”

आपण काय बोललो हे त्याला स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीतून कळलं. तिसऱ्या रांगेतून गार्नेट नेपियर हळूहळू उठला. त्र्याऐंशीचा होता, त्याला उठायला वेळ लागायचा.

“म्हणजे,” गार्नेट म्हणाला, “पाणी ठेवलं होतंस.”

सगळं गाव एकदम श्वास सोडतं तेव्हा तो ऐकू येतो. चर्चची एक बाई रडायला लागली. म्हातारा व्हर्जिल स्टेजपाशी आला आणि त्याने हॉइटचा हात धरून हलवला, वर म्हणाला, “मी काही मनात धरलं नाही. चावला तरी चांगला कुत्रा होता.” पन्नास वर्षं खरं बोलून जे जमलं नव्हतं, ते एका थापेने अर्ध्या मिनिटात करून टाकलं. हॉइट सुटला. आता नुसतं खाली उतरून आमटी खायची होती.

त्याने स्टुलांकडे पाहिलं. विल्डा हसत नव्हती. तिचा डावा हात गिटारच्या मानेवर होता, बोटं तारांवर, आणि ती वाट बघत होती.

हॉइटने कागद उलगडला. पहिली दोन वाक्यं आता कामाची राहिली नव्हती.

“आणि मोटर मी नेली,” तो माइकमध्ये म्हणाला. “विल्डाच्या मशीनची. नोव्हेंबर होता. ते मी करायला नको होतं.”

“कसली मोटर?” कुणीतरी विचारलं.

“बोटीची असेल,” दुसरं कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या सुरू झाल्या, कुत्र्यासाठी. रोंडाने त्याच्या हातातून माइक हळूच काढून घेतला. मोटरचं एका माणसाने सोडून कुणीच ऐकलं नाही.

तो माइक मग विल्डाकडे गेला. ठरल्याप्रमाणे तिने एकच वाक्य बोलायचं होतं, आणि हॉइटला आता ते ऐकायची भीती वाटत होती. ती बोलली असती तर तो कुत्रा बांधणारा तर राहिलाच असता, वर अख्ख्या गावासमोर नसलेल्या कुत्र्याच्या कानांवर भाषण ठोकणारा खुळा ठरला असता.

विल्डाने गिटार सुरात आहे का ते बघितलं. मग हॉइटकडे बघितलं, पुतळ्याकडे बघितलं.

“कान लांबच होते,” ती म्हणाली, आणि तिने गायला सुरुवात केली.

शेवट, आवाज कमी होत जातो

टॅन्झी रोने तिच्या रेकॉर्डिंगमध्ये एक ओळ बदलली. पाण्याचं भांडं आता कोरडं नाही, त्यात कान बुडतात. लोक म्हणतात की ती ओळ आली की गाडी कडेला घ्यावी लागते. गार्नेटच्या दुकानात ते लागलं तेव्हा हॉइटने शेवटपर्यंत ऐकलं आणि बाटलीत दाणे ओतले.

“हॉइट, कुत्र्याला पाणी ठेवलंस का?” गार्नेटने सवयीने विचारलं.

“ठेवलं,” हॉइट म्हणाला.

पण त्याआधीचं, कार्यक्रमानंतरच्या सोमवारचं, सांगायचं राहिलं. सकाळी तो बादलीत सिमेंट कालवून कोर्टाच्या आवारात गेला. ताठ कानांची टोकं त्याने छिन्नीने उडवली, ती छिन्नी आदल्या दिवशी त्याच मोटरच्या सहाणेवर घासून आणली होती, आणि जाळी वाकवून नवे कान लिंपायला घेतले. विल्डा घडीची खुर्ची घेऊन आली आणि समोर बसली.

“आणखी खाली,” ती म्हणाली.

“इतके?”

“अजून थोडे. डावा जरा जास्त.”

हॉइट थापी हातात धरून मागे वळला. “तुला काय माहीत?”

“का?” विल्डा म्हणाली. “माझाही होता तो.”